शेजारच्या गावांनी सेवा एकत्र चालवाव्यात का? सोलापूर जिल्ह्यापुढील पर्यायांचा तुलनात्मक आढावा

अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी अशा तीन नगरपरिषदा आहेत. तिन्ही परस्परांपासून फार दूर नाहीत, तरी प्रत्येकीला आपली वाहने, आपली कचरा प्रक्रियेची जागा, आपले हिशेब आणि आपले ठेके स्वतंत्रपणे सांभाळावे लागतात. भोवतालच्या ग्रामपंचायतींची अवस्था याहून अवघड असते, कारण एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असणे आपल्याकडे नवे नाही. अशा वेळी "शेजारच्यांबरोबर मिळून करू, खर्च वाचेल" हा प्रस्ताव मासिक सभेत किंवा ग्रामसभेत येतो आणि ऐकताक्षणी पटतो. ज्यांना अशा ठरावावर हात वर करायचा आहे, त्या सरपंचांसाठी, नगरसेवकांसाठी आणि ग्रामसभेला बसणाऱ्या मतदारांसाठी हा आढावा लिहिला आहे. एकत्र यावे की नाही, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. कोणती सेवा, कोणत्या स्वरूपात आणि थकबाकीचा कोणता नियम ठरवून, हे तीन प्रश्न वेगळे केले तरच निर्णय नीट घेता येतो.

सध्या चार वाटा उपलब्ध आहेत. पहिली, आहे तसे स्वतंत्र राहणे. दुसरी, दोन किंवा अधिक संस्थांनी ठराव करून संयुक्त समिती नेमणे किंवा एका संस्थेने सेवा चालवून इतरांनी तिला ठरलेला दर देणे. ग्रामपंचायत अधिनियमात स्थानिक संस्थांच्या संयुक्त समितीची सोय आहे, परंतु तिचा वापर क्वचितच होतो. तिसरी, जिल्हा परिषद किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने अनेक गावांसाठी प्रादेशिक योजना उभारणे. चौथी, सरळ विलीनीकरण, म्हणजे आपल्या बोलीतली हद्दवाढ.

वाटेची निवड करण्यापूर्वी सेवा निवडावी लागते. एखाद्या सेवेचा खर्च कशात अडकलेला आहे हे पाहिले की अर्धा निर्णय तेथेच होतो. यंत्र, गाडी, प्रयोगशाळा किंवा तज्ज्ञ यांत खर्च असेल आणि ते यंत्र एका गावात बहुतेक दिवस उभेच राहणार असेल, तर भागीदारीत पैसे वाचतात. खर्च माणसांच्या रोजच्या फिरण्यात असेल, तर भागीदारीने काहीच वाचत नाही. एक काल्पनिक हिशेब मांडतो. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीचा चालक, विमा, घसारा आणि देखभाल मिळून वर्षाचा स्थिर खर्च ६,००,००० रुपये आहे आणि प्रत्येक फेरीचा डिझेल व मजुरीचा खर्च १,००० रुपये आहे, असे धरू. एका गावाला वर्षाला १२० फेऱ्या लागत असतील, तर प्रत्येक फेरी ६,००० रुपयांना पडते. पाच गावांनी मिळून ६०० फेऱ्या केल्या आणि अंतर वाढल्यामुळे फेरीचा खर्च १,३०० रुपये झाला, तरी एक फेरी २,३०० रुपयांत होते. फरक इतका मोठा आहे की वेळापत्रकाची थोडी गैरसोय सोसायला हरकत नाही.

हाच हिशेब घंटागाडीला लावून पाहा. घंटागाडी सकाळचा सगळा वेळ आपल्याच गल्ल्यांत फिरत असते. ती शेजारच्या गावाला दिली तर आपल्या गावात जात नाही. म्हणून कचरा गोळा करणे प्रत्येकाने स्वतः करावे आणि प्रक्रिया मात्र एकत्र करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही प्रादेशिक भरावभूमीचा, म्हणजे उरलेला कचरा पुरण्याच्या सामाईक जागेचा विचार सुमारे ५० किलोमीटरांच्या परिघातील शहरांच्या गटासाठी आणि खर्चाच्या वाटणीच्या तत्त्वावरच मांडला होता. अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी या तिन्ही नगरपरिषदा त्या परिघात सहज बसतात. ओला कचरा मात्र जितका गावाजवळ जिरवता येईल तितका जिरवावा, कारण तो पाण्याने जड असतो आणि त्याची वाहतूक करणे म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहून नेणे होय.

कचऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठरावाच्या वेळी कोणी बोलत नाही, ती म्हणजे जागा कोणाची. सोलापूर शहराचा कचरा तुळजापूर रस्त्यावरील भोगाव येथे जातो, आणि डेपोजवळ राहणाऱ्यांना धूर व दुर्गंधी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ज्या गावाच्या शिवारात सामाईक प्रक्रिया केंद्र होणार, त्या गावाला प्रतिटन मोबदला, रस्त्याची दुरुस्ती आणि केंद्रावर देखरेख ठेवण्याचा अधिकार लेखी मिळाला पाहिजे. बाकीच्यांची बचत एका गावाच्या त्रासावर उभी राहणार असेल, तर ती बचत नाही. तो खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे आहे.

भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण ही भागीदारीसाठी सर्वांत योग्य सेवांपैकी एक आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, प्रशिक्षित पशुवैद्यक आणि कुत्री पकडणारे कर्मचारी लागतात. एका छोट्या नगरपंचायतीला हे परवडत नाही, आणि परवडले तरी एकटीने करून उपयोग नाही, कारण कुत्री हद्दीच्या खुणा पाळत नाहीत. मोहोळ किंवा कुर्डुवाडीसारख्या ठिकाणी केंद्र उभारून आजूबाजूच्या गावांनी प्रतिशस्त्रक्रिया दर द्यावा, हे साधे आणि मोजता येण्याजोगे काम आहे.

अग्निशमनाचा विचार बचतीच्या दृष्टीने करूच नये. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जणांचा जीव गेला. यंत्रमाग, सूत आणि टॉवेल यांच्या या जिल्ह्यात कोणतीही एक संस्था मोठ्या आगीला पुरी पडेल असे मानणे धोक्याचे आहे. येथे भागीदारीचा अर्थ बंब कमी करणे असा न घेता कोणता बंब कोणाच्या हद्दीत कोणाच्या आदेशाची वाट न पाहता निघेल, पाणी कोठे भरेल आणि त्याचा खर्च नंतर कोण देईल, हे आधी ठरवणे असा घ्यावा.

पाणीपुरवठ्यावर मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण जिल्ह्याचा एकत्रित सेवांचा सर्वांत मोठा अनुभव याच क्षेत्रातला आहे आणि तो संमिश्र आहे. सांगोला तालुक्यातील शिरभावी योजना ८० हून अधिक गावांसाठी आहे. मंगळवेढा तालुक्यात भोसे परिसरातील गावांसाठी प्रादेशिक योजना झाली. या तालुक्यांत गावागावांतले स्थानिक स्रोत उन्हाळ्यात आटतात, तेव्हा भीमेतून पाणी उचलून दूरवर नेण्याला पर्याय नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ठरवलेले दरडोई दररोज ५५ लिटरांचे उद्दिष्टही कोरड्या विहिरींवर गाठता आले नसते.

परंतु अशा योजनांचा कणा वीजबिल असतो. नदीपासून उंचावरच्या गावांपर्यंत पाणी चढवायला पंप अखंड चालावे लागतात, महावितरणचे बिल एकत्र येते आणि पाणीपट्टी मात्र गावोगाव वेगवेगळी, कोठे बरी तर कोठे नाममात्र वसूल होते. काही गावांनी पैसे भरले नाहीत की थकबाकी सगळ्या योजनेवर चढते आणि वीज तोडली की नियमित भरणाऱ्या गावाचेही नळ कोरडे पडतात. प्रामाणिकपणे पाणीपट्टी भरणाऱ्या बाईच्या हंड्याला शेजारच्या गावाच्या थकबाकीची शिक्षा मिळते. याखेरीज जलवाहिनीच्या शेवटी असलेल्या टेलच्या गावांना कमी दाबाने पाणी मिळते, मध्येच बेकायदा जोडण्या होतात, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर मोजमापाचे मीटर नसेल तर कोणी किती पाणी घेतले हे सिद्धच होत नाही. मग "आम्हाला पाणी येत नाही, म्हणून आम्ही भरत नाही" आणि "तुम्ही भरत नाही, म्हणून पाणी येत नाही" हा वाद वर्षानुवर्षे चालतो.

म्हणून पाण्याबाबत स्वतंत्र योजना आणि प्रादेशिक योजना यांची तुलना करताना भांडवली खर्चाकडे पाहणे थांबवावे. ते अनुदान बहुतेकदा वरून येते. वार्षिक वीज, दुरुस्ती आणि कर्मचारी यांचा खर्च कोण उचलणार, हीच खरी तुलना आहे. गावाजवळ टिकाऊ स्रोत असेल, तर स्वतःची छोटी योजना, तिच्यावर सौरपंप आणि आपल्या ताब्यातील वसुली ही अधिक सुरक्षित वाट आहे. स्रोत नसेल तर प्रादेशिक योजनेत जावेच लागेल, पण वेशीवरचे मीटर, थकबाकीदार गावाचाच पुरवठा कमी करता येईल अशी झडपांची रचना आणि काही महिन्यांच्या वीजबिलाएवढी आगाऊ ठेव, या तीन अटींवर. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली होती. अशा निधीतून ठेव भरता येते का, हे लेखापरीक्षणाच्या अंगाने आधी तपासून घ्यावे.

विलीनीकरणाचा पर्याय सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९९२ मध्ये शहराची हद्द वाढली, बाळे, केगाव, देगाव, शेळगी, कुमठे, सोरेगाव, मजरेवाडी अशी गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले. आजही लोक त्या वस्त्यांना हद्दवाढ भाग म्हणतात. ग्रामपंचायत गेली आणि शहरी कर आले ते लगेच. रस्ते, मलनिस्सारण आणि पाणी मात्र टप्प्याटप्प्याने, फार सावकाश आले. विलीनीकरणाने एकसंध नियोजन होते, अधिकार एका हाती येतात आणि थकबाकीचा आंतरगावी वाद संपतो, हे त्याचे फायदे खरे आहेत. परंतु ही वाट परतीची नसते, आणि छोट्या गावाचा आवाज मोठ्या प्रभागात विरून जातो. केवळ खर्च वाचवण्यासाठी विलीनीकरण करू नये, असे मला ठामपणे वाटते. वस्ती खरोखर शहराला जोडली गेली असेल, तरच तो विचार व्हावा.

पंढरपूरची गोष्ट या सगळ्यांहून निराळी आहे. २०११ च्या जनगणनेत लाखाच्या जरा आत असलेल्या या शहरात आषाढीला लाखो वारकरी येतात, आणि तो भार नगरपरिषदेच्या हद्दीत थांबत नाही. वाखरीचा पालखी तळ आणि गोपाळपूर यांनाही पाणी, शौचालये आणि सफाई लागते. येथे वर्षभराची संयुक्त यंत्रणा पोसण्याची आवश्यकता नाही. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार यात्रांपुरता नगरपरिषद व लगतच्या ग्रामपंचायतींचा करार आणि यात्रेसाठी मिळणाऱ्या निधीतील ग्रामपंचायतींचा लेखी वाटा एवढे पुरेसे होईल.

संयुक्त समिती आणि दरावर सेवा घेणे या दोहोंत लहान संस्थांनी कशाची निवड करावी, असा प्रश्न राहतो. समितीत प्रत्येकाला मत मिळते, पण निर्णय रेंगाळतात आणि जबाबदारी कोणावरच पक्की राहत नाही. दरावर सेवा घेतली तर जबाबदारी चालवणाऱ्या संस्थेची असते, हिशेब फेरीगणिक किंवा टनागणिक होतो आणि नको वाटले तर बाहेर पडता येते. मात्र मोठी संस्था आपली गरज आधी भागवणार, ही शक्यता धरूनच चालावे. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी मी दरावरची पद्धत सुचवीन. एकमेकांचा अनुभव आल्यावर, सामाईक गुंतवणूक करण्याची वेळ येईल तेव्हा, समिती स्थापन करावी.

बाहेर पडण्याची तरतूद ही औपचारिकता नाही, हे लंडनच्या एका उदाहरणावरून दिसते. वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन व चेल्सी आणि हॅमरस्मिथ व फुलहॅम या तीन शेजारी परिषदांनी २०११ पासून मुलांच्या सेवा, प्रौढांची देखभाल यांसारखे विभाग एकत्र चालवले. २०१४ मध्ये हॅमरस्मिथ व फुलहॅममध्ये सत्तांतर झाले, परस्परविश्वास उणावला आणि २०१७ मध्ये उरलेल्या दोघींनी करार संपवण्याची नोटीस दिली. आपल्याकडे तर सरपंच, नगराध्यक्ष आणि त्यांचे गट निवडणुकीगणिक बदलतात. आज ज्यांच्या मैत्रीवर करार झाला, ते उद्या पदावर नसतील.

त्यामुळे ठरावावर सही करण्यापूर्वी त्यात काही गोष्टी आहेत का, ते वाचून पाहावे: खर्चाची वाटणी लोकसंख्येवर की प्रत्यक्ष वापरावर, पैसे किती दिवसांत भरायचे आणि न भरल्यास सेवा कोणत्या दिवशी थांबणार, गाडी किंवा यंत्र कोणाच्या नावावर आणि करार मोडल्यास त्याची किंमत कशी वाटायची, कर्मचारी कोणाच्या आस्थापनेवर आणि त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची जबाबदारी कोणाची, स्थानिक निधी लेखापरीक्षणात हा खर्च कोणाच्या वहीत दिसणार, आणि प्रत्येक गावाच्या ग्रामसभेपुढे वर्षातून एकदा सगळा हिशेब ठेवला जाणार का. यांतील थकबाकीचे कलम गाळलेले असेल, तर दर कितीही स्वस्त असला तरी तो ठराव परत पाठवावा आणि ते कलम घालूनच पुढच्या सभेत मागवावा.