आठ महिने डोक्यावर: प्लेनर मॅग्नेटिक हेडफोनचा वापरानंतरचा अनुभव

मान दुखायला लागली ती चौथ्या दिवशी. पहिले तीन दिवस आवाजाच्या भरात काही जाणवलंच नाही. चौथ्या रात्री दीड तासानं हेडफोन काढला, टाळूवर बोट टेकवलं, तर रुपयाच्या नाण्याएवढी जागा हुळहुळत होती. आज तोच हेडफोन मी सलग अडीच-तीन तास घालतो आणि काढल्यावर काही दुखत नाही. मधल्या आठ महिन्यांत काय काय केलं, ते सविस्तर लिहितोय. घेण्याआधी मी जे जे वाचलं होतं त्यात आवाजावर पानंच्या पानं होती आणि वजनावर जेमतेम एक ओळ.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे खटकलं ते एका कंपनीचं नाही, या जातीच्या बहुतेक मोठ्या हेडफोनचं आहे. ओपन बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू उघडी असलेला, रोध (इम्पिडन्स) 35 ओहमच्या आसपास, नवा घेतला तर लाखाच्या वर जाणारा. मी दसऱ्याच्या सुमारास सेकंडहँड घेतला. त्याआधी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन एका दुकानात वीस मिनिटं ऐकला होता, कारण सोलापुरात असा हेडफोन घालून बघायला मिळेल अशी जागा मला सापडली नाही. वीस मिनिटांत आवाज कळतो. वजन कळत नाही.

आधी वजनाचंच सांगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर केबलशिवाय 590 ग्रॅम भरलं. तुलनेसाठी, सेन्हायझरचा एचडी 600 हा साधा डायनॅमिक हेडफोन 260 ग्रॅमचा, हायफायमॅनचा सुंदरा प्लेनर असून 372 ग्रॅमचा आणि ऑडीझीचा एलसीडी-एक्स 612 ग्रॅमचा. एवढा फरक पडतो तो चुंबकांमुळे. साध्या हेडफोनमध्ये पडद्याच्या मध्यभागी छोटी कॉइल असते आणि तिच्यापुरतं एक चुंबक. प्लेनरमध्ये पडदा म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ फिल्म. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धातूच्या वाहक रेषा छापलेल्या असतात आणि एका किंवा दोन्ही बाजूंनी चुंबकांच्या पट्ट्यांची रांग असते. रेषांतून प्रवाह गेला की अख्खी फिल्म एकदम पुढे-मागे हलते. आवाजाची सगळी मजा त्यातच आहे आणि मानेवरचा भारही त्यातूनच येतो. कल्पना जुनी आहे; यामाहानं 1976 मध्येच एचपी-1 नावाचा असा हेडफोन काढला होता आणि त्या पद्धतीला ऑर्थोडायनॅमिक म्हटलं होतं.

वजन तर कमी होणार नाही. मग ते पडतं कुठं, एवढंच आपल्या हातात उरतं. माझ्या हेडफोनचा पट्टा वरून गादीसारखा दिसतो, पण खरा टेकतो फक्त मधल्या दोन बोटं जागेवर. शिवाय कानांवरची पकड मला सुरुवातीला घट्ट वाटली म्हणून मी स्टीलची कमान हलक्या हातानं वाकवून ती सैल केली. ही चूक झाली. जबडा मोकळा झाला, पण कानांच्या बाजूंनी जो थोडा भार पेलला जात होता तोही टाळूवर आला. दोन दिवसांनी कमान पुन्हा थोडी आत घेतली. पकड थोडी असावीच लागते. ती कानांच्या बाजूंवर थोडं ओझं वाटून घेते.

दुसरी गोष्ट बसण्याची. मी टेबलाशी वाकून, लॅपटॉपकडे बघत ऐकायचो. डोकं पुढं झुकलं की अर्धा किलो वजन मानेच्या मागच्या स्नायूंना ओढत राहतं. आता ऐकायचं असेल तर आरामखुर्चीत मागं रेलून, डोकं टेकवूनच ऐकतो. हा एक बदल बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त कामाला आला. टेबलावर काम करताना हा हेडफोन मी आता घालतच नाही, त्यासाठी जुना हलका आहे.

तिसरा उपाय मात्र अस्सल सोलापूरचा. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराकडून टेरी टॉवेलचा जाड, दाट लूपचा तुकडा आणला, कडेचा, विक्रीला न जाणारा. गल्लीतल्या शिंप्याकडून त्याची दोन पदरी पिशवी शिवून घेतली, खाली वेलक्रो, आणि ती पट्ट्यावर चढवली. मधल्या भागात आतून खाच ठेवायला सांगितली होती, म्हणजे टाळूच्या नेमक्या त्या जागेवर कापड टेकत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना टेकतं. शिंप्याला आधी कळेना हे कशासाठी; हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवून दाखवला, मग त्यानं स्वतःच खाच अर्धा इंच रुंद केली. त्याचं बरोबर निघालं. ऑनलाइन मिळणारे चामड्याचे कव्हर दोन-अडीच हजारांना आहेत. हे शिलाईसकट दोनशेत झालं, घाम शोषतं आणि धुता येतं.

आता आवाज. मी शास्त्रीय संगीत जास्त ऐकतो, जुनी मैफलींची रेकॉर्डिंग्ज, थोडी भजनं, थोडं इलेक्ट्रॉनिक. पहिल्या रात्री अंगावर काटा आला तो गायकामुळे नाही, तंबोऱ्यामुळे. इतकी वर्षं तंबोरा मला मागचा एक गुंजारव म्हणूनच ठाऊक होता. इथं पहिली तार छेडल्यावर तिचा आघात वेगळा, मग घोडीवरच्या धाग्यामुळे उमलत जाणारी जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणक, वेगळी, आणि ती विरायच्या आत जोडीच्या तारा त्यात मिसळताना दिसाव्यात इतक्या स्पष्ट. एका रेकॉर्डिंगमध्ये दोन तंबोरे आहेत हे मला प्रथमच कळलं. दुसरा अगदी किंचित उतरलेला आहे आणि गायक मध्ये थांबतो ते बहुधा त्याच्यासाठीच. तारेचा शेवटचा धागा पुढच्या आघाताखाली दबत नाही. मिरजेला तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात एकदा जवारी काढताना जवळून ऐकलं होतं. हेडफोनमध्ये तिच्या इतक्या जवळचं मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

खालच्या पट्टीत तीच गोष्ट. डग्ग्याची घुमक नुसती धप्प करून येत नाही. मनगटानं दाबत नेलेला स्वर वर सरकताना कळतो, कातड्यावरून तळवा घसरल्याची खसखससुद्धा. साध्या हेडफोनमध्ये खर्जाला जाडी असते, इथं आकार असतो. ज्यांना छातीत धडधड हवी त्यांना हा खर्ज कमी वाटेल, त्यांनी आधी ऐकूनच घ्यावा.

आवाजात उणीव एक आहे. साधारण 1.5 ते 2 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा आहे. त्यामुळे वाद्यं पसरलेला मंच रुंद वाटतो, पण गायक दोन पावलं मागं सरकतो. वाद्यवृंदाला हे छान, ख्यालाला नाही. इक्वलायझरमध्ये, म्हणजे हवा तो पट्टा कमी-जास्त करायच्या सोयीत, तिथं 2.5 डेसिबल भर घातली आणि गायक पुन्हा पुढं येऊन बसला. प्लेनरच्या आवाजातली विकृती (डिस्टॉर्शन) कमी असल्यामुळे तो इक्वलायझर फार चांगला सहन करतो. खाली 30 हर्ट्झपर्यंत 3 डेसिबल वाढवले तरी आवाज फाटत नाही. इक्वलायझर वापरणं म्हणजे कमीपणा असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. हेडफोन ऐकायला घेतलाय.

याच संदर्भात आमच्या अप्पांचं सांगायला हवं. अप्पांनी तीस वर्षं सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागावर काम केलं. मागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. कानात कापूस घालायचीसुद्धा तेव्हा कुणाला सवय नव्हती. त्यांच्या श्रवणचाचणीच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपास रेघ खोल खाली गेलेली आहे. गोंगाटानं गेलेल्या कानांत सहसा तीच जागा आधी जाते. दिवाळीत त्यांना खुर्चीत बसवून हेडफोन घातला. "लई जड हाय की रे," एवढं म्हणाले आणि डोळे मिटले. तबला सुरू झाल्यावर त्यांचा उजवा हात मांडीवर चालू लागला. डग्गा त्यांना पूर्ण ऐकू येत होता, कारण खालचे स्वर त्यांचे शाबूत आहेत. मग म्हणाले, "तंबोरा कुठाय? लावलाच न्हाई व्हय?"

तंबोरा चालूच होता. मी एकंदर आवाज तेवढाच ठेवून 3 ते 6 किलोहर्ट्झचा भाग हळूहळू उचलला. एक डेसिबल, दोन, पाच, सात. सातवर त्यांनी हात वर केला. "आता आला." त्यानंतर वीस मिनिटं ते काही बोलले नाहीत. साध्या हेडफोनवर एवढा भाग उचलला की माझ्याकडच्या दोन्हींत 'स'चा उच्चार कानाला टोचत होता. इथं कमी टोचलं. ती सेटिंग मी "अप्पा" नावानं साठवून ठेवली आहे. त्यांचे उरलेले कान जपायला आवाज मी मोजूनमापून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसासाठी 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास अशी आहे आणि दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो.

ओपन बॅक म्हणजे बाहेरचं सगळं आत आणि आतलं सगळं बाहेर. आमच्या मागच्या गल्लीत अजून शेड चालू आहे. रात्रपाळी असली की मागाची खटखट तंबोऱ्यात मिसळते, त्यावर काहीही इलाज नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर मी हेडफोन कपाटातच ठेवला. शांत खोली नसेल तर हे पैसे घालू नयेत, इतकं स्पष्ट सांगतो. आणखी एक, सुताचं बारीक तूस आमच्याकडं हवेतच असतं, आणि मागदुरुस्तीच्या दुकानांजवळ लोखंडाचा कीस. एवढी मोठी चुंबकं तो कीस ओढून घेऊ शकतात. म्हणून ऐकून झालं की लगेच पिशवीत, उघडा टेबलावर कधीच नाही.

उन्हाळा हा खरा कस होता. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा 43-44 अंशांवर जातो. चामड्याच्या पॅडखाली दहा मिनिटांत कानांभोवती घामाचं कडं तयार व्हायचं. कूलर लावावा तर त्याचा घोंगाट थेट आत. मार्चअखेरीस बाहेरून चामडं आणि कानाकडून कापड असे हायब्रिड पॅड बसवले. कान सुखावले, आवाज बदलला. खोल खर्ज थोडा ओसरला आणि वरचे स्वर किंचित मऊ झाले. पॅड म्हणजे नुसती गादी नाही. कान पडद्यापासून किती दूर, हवा कुठून निसटते, हे सगळं पॅड ठरवतो. त्यासाठी इक्वलायझर पुन्हा लावावा लागला.

चष्म्याचंही तेच. माझ्या जाड काड्यांच्या फ्रेममुळे पॅड आणि डोकं यांत फट राहायची. दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबले की खर्ज एकदम भरून यायचा, तेव्हा कारण कळलं. ऐकण्यासाठी पातळ धातूच्या काडीची दुसरी फ्रेम केली. चष्मा असेल तर ही दाबून बघायची चाचणी दुकानातच करा.

ॲम्प्लिफायरवर फार लिहीत नाही. फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या डोंगलवर आवाज पुरतो, पण जुन्या, हळू रेकॉर्ड झालेल्या मैफलींना व्हॉल्यूम टोकाला न्यावा लागतो. मध्यम किमतीचा डेस्कटॉप ॲम्प घेतला, प्रश्न मिटला. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केल्यावर मला जो फरक ऐकू आला तो लहान होता. प्लेनरचा रोध सगळ्या पट्ट्यांत जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे ॲम्प बदलल्यानं त्याचा रंग फारसा बदलत नाही. ॲम्पवर तीस-चाळीस हजार घालण्याआधी पॅड आणि खुर्ची बघा.

फेब्रुवारीत डावी बाजू मधूनच जायला लागली. पोटात गोळा आला. दोन्ही केबल अदलाबदल करून लावल्या तर उजवी बाजू जायला लागली, म्हणजे दोष केबलचा, ड्रायव्हरचा (आतल्या आवाज काढणाऱ्या भागाचा) नाही. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी तीन आठवडे नुसते मेसेज वाचले, उत्तर दिलं नाही. शेवटी नवी पेठेतल्या एका रिपेअरवाल्या मामांनी पिन कापून नवी जोडून दिली, माझ्यासमोर, दीडशे रुपयांत. तेव्हापासून सुरळीत आहे. असा हेडफोन जुना घेताना केबल काढता येते का, पॅड सुटे मिळतात का, हे आधी विचारा. आणि घालताना सावकाश घाला. पॅड घट्ट बसले की आतल्या हवेच्या दाबानं फिल्म बारीक कुरकुरते, झटक्यानं दाबायची ती वस्तू नाही.

पहिले चामड्याचे पॅड डबीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलेत. पावसाळा सरला, हवा कोरडी झाली की ते पुन्हा चढवणार, त्यांचा खर्ज मला हवाय. टॉवेलची पिशवी तीनदा धुऊन झाली, लूप अजून बसलेले नाहीत. शिंप्याकडं दुसरी शिवायला टाकलीय, या वेळी अप्पांच्या डोक्याच्या मापानं.