ग्राफीन ऑक्साइडची बाटली: माल भारी, पण आधी पीएच बघा

आधीच सांगतो, माल चांगलाय. ऑनलाइन मागवलेली ग्राफीन ऑक्साइडची (कार्बनचे अतिपातळ पत्रे, पाण्यात मिसळलेले) 100 मिलीची बाटली, लेबलवर 4 मिलिग्रॅम प्रति मिली, कोल्हापुरात यायला अकरा दिवस लागले आणि झाकणाला साधा पॅराफिल्म (झाकण सील करायची ताणणारी पट्टी) पण गुंडाळला नव्हता, खोक्यातला थर्माकोल चहा सांडल्यागत तपकिरी.

घेतली आमच्या एफमॉक-डायफेनिलअलानिनच्या जेलसाठी. दोन अमिनो आम्लांचा इवलासा पेप्टाइड, डोक्यावर एफमॉक नावाच्या रासायनिक गटाची टोपी. (बिनटोपीच्या भावापासून नॅनोट्यूब, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, आपोआप बनतात हे रेचेस आणि गॅझिट या संशोधकांनी 2003 मध्येच दाखवलंय.) जेल मस्त होते, कुपी उलटी केली तरी खरवसागत चिकटून बसते, पण तिसऱ्या दिवशी दह्यासारखं पाणी सोडायला लागते आणि वरून बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ओतला की विरघळत जाते. सर म्हणाले कार्बनचं काहीतरी घालून बघ, पेप्टाइडच्या बेंझिन कड्या ग्राफीन ऑक्साइडच्या पत्र्याला चिकटतात, ज्या पेप्टाइड-तंतूंच्या जाळ्यानं जेल बनते त्याला आधार मिळतो.

पहिल्या दिवशी थेंब टाकला आणि लगेच गुठळ्या, पिठल्यात होतात तशा. मी खूश, म्हटलं नाद खुळा, किती फास्ट! सर म्हणाले पीएच बघितलास का. बघितला तर बाटलीचाच 2.5, म्हणजे चांगलंच आम्ल!! आता हा पेप्टाइड अल्कलीत विरघळतो आणि आम्ल लागलं की बाहेर पडतो, म्हणजे करामत कार्बनची नव्हतीच. त्याच पीएचचं नुसतं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तरी तश्शाच गुठळ्या. हे ना लेबलवर ना डेटाशीटवर, त्याचा दीड स्टार कापलाय.

मग आम्ल काढायला ग्राफीन ऑक्साइड डायलिसिसच्या पिशवीत (बारीक छिद्रांतून आम्ल बाहेर जातं, पत्रे आत राहतात) पाणी बदलत बदलत चार दिवस ठेवलं, हलकं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी ढवळणं) दिलं, पेप्टाइडच्या द्रावणात मिसळलं आणि पीएच ग्लुकोनोडेल्टालॅक्टोननं (पाण्यात हळूहळू आम्ल होणारी पूड) सावकाश उतरवला. ग्राफीन ऑक्साइड 0.1 मिलिग्रॅम प्रति मिली एवढंच घातलेली कुपी दहा दिवस जशीच्या तशी, शेजारची साधी कधीच पाणी सोडून बसलेली. मोह झाला म्हणून पाचपट घातलं तर पत्रे एकमेकांनाच चिकटले, जेल उलट लेचीपेची.

आणि हो, फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरात नको. आमच्या ज्युनियरनं जास्त टिकेल म्हणून उरलेली अर्धी बाटली फ्रीजरात टाकली, सकाळी वितळल्यावर वर स्वच्छ पाणी आणि खाली काळे तुकडे, हलवून हलवून हात दुखले तरी मिसळंना.