निकॉन डी४०: सहा मेगापिक्सेलचा म्हातारा मी अजून का वापरतोय

"दादा कॅमेरा घ्यायचाय, किती मेगापिक्सेलचा घेऊ?" हा प्रश्न मला दर एकदोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, परवा मावसभावाने विचारला तेव्हा बोलण्यापेक्षा कपाटातून माझा डी४० काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने उलटापालटा करून बघितला, मेनू चाळला आणि हसायलाच लागला, म्हणे सहा मेगापिक्सेल? माझ्या फोनचा सेल्फी कॅमेरा याच्यापेक्षा जास्त आहे. म्हटलं बरं, तो समोर भिंतीवर आजीचा फोटो लावलाय तो कितीचा असेल सांग. २० बाय ३० इंचाची प्रिंट आहे, आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती दिसते. तो म्हणाला चोवीसचा तरी असेलच. तर तो याच डबड्यातून निघालाय.

आता हा कॅमेरा काय आहे ते सांगतो कारण नव्या मुलांनी बहुतेक नावही ऐकलेलं नसणार. निकॉनने २००६ च्या शेवटी काढलेला छोटा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, ६.१ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके), फोटो निघतो ३००८ बाय २००० पिक्सेलचा. आत सीसीडी प्रकारचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, साइझ २३.७ बाय १५.६ मिलिमीटर. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणारे. पुढच्याच वर्षी याचा भाऊ आला डी४०एक्स, १०.२ मेगापिक्सेलचा, आणि सहाचे दहा झाले म्हटल्यावर ऐकायला केवढं वाटतं ना! पण फोटोची रुंदी बघा, ३००८ ची ३८७२ झाली, म्हणजे जेमतेम २९ टक्के. मेगापिक्सेल हा आडवे पिक्सेल गुणिले उभे पिक्सेल असा आकडा आहे त्यामुळे तो फुगतो पटकन. रुंदी दुप्पट पाहिजे असेल तर मेगापिक्सेल चौपट लागतात, सहाचे चोवीस. आणि गंमत म्हणजे डी४० मध्ये फ्लॅश १/५०० सेकंदाच्या शटरपर्यंत चालतो, डी४०एक्स मध्ये १/२०० लाच थांबतो. मी भर दुपारी उन्हात पोरांचे पळतानाचे फोटो काढतो, चेहऱ्यावरची सावली घालवायला थोडा फ्लॅश लागतो, तिथे मला हा १/५०० जास्तीच्या चार मेगापिक्सेलपेक्षा हजारदा उपयोगी पडलाय. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात हे कोण लिहिणार?

मी काही जन्मापासून शहाणा नव्हतो हां. मध्यंतरी मलाही आकड्याने गंडवलं. खिशात मावणारा, लांबलचक झूमवाला, २० मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट घेतला, कंपनीचं नाव घेत नाही कारण त्या काळात सगळ्यांचे त्या वर्गातले कॅमेरे थोड्याफार फरकाने तसेच होते. डोक्यात हिशोब साधा होता की सहापेक्षा वीस म्हणजे तिप्पट चांगला, डी४० विकून टाकू. नशीब विकायच्या आधी एकदा दोघांची टेस्ट घेतली. संध्याकाळची वेळ, खोलीत एकच बल्ब, समोर लोकरीचा स्वेटर घालून बसलेली बहीण, एकाच जागेवरून दोघांनी फोटो काढले. कॉम्पॅक्टच्या मागच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला, रंग पण भडक आणि छान. लॅपटॉपवर टाकला आणि झूम केला तर केसांचा लगदा, स्वेटरची वीण गायब, गालावर कोणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं. डी४० चा फोटो आयएसओ १६०० ला काढलेला (आयएसओ म्हणजे कमी उजेडात सिग्नल किती वाढवायचा तो आकडा), दाणे भरपूर होते, रवाळ, पण वीण दिसत होती आणि केस हे केस वाटत होते. वीस मेगापिक्सेलवाल्याने लगदा मोठ्या साइझमध्ये दिला एवढाच काय तो फरक.

असं का होतं हे नंतर शोधत बसलो. त्या कॉम्पॅक्टमध्ये जो सेन्सर असतो त्याला १/२.३ इंच म्हणतात. हे नावच मुळात फसवं आहे, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलेलं, प्रत्यक्षात तो सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, करंगळीच्या नखाहून लहान. क्षेत्रफळ काढलंत तर डी४० चा सेन्सर त्याच्या तेरापट मोठा येतो. आता एवढ्याशा अंगणात वीस लाख नाही, दोन कोटी पिक्सेल बसवायचे म्हटल्यावर एकेक पिक्सेल १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होणार, डी४० चा आहे जवळपास ७.९ मायक्रॉन. पाऊस पडताना वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमणार, तसंच प्रकाशाचं. कमी उजेडात छोट्या सेन्सरला मिळतो मूठभर प्रकाश, मग कॅमेरा आतल्या आत सिग्नल वाढवतो, त्यात दाणे येतात, ते लपवायला सॉफ्टवेअर सगळं गुळगुळीत करतं, आणि त्या गुळगुळीत करण्यात स्वेटर जातो.

आणि लेन्सचं तर कोणी बोलतच नाही. प्रकाश बारीक छिद्रातून गेला की जरा पसरतो, कितीही महागडी लेन्स असली तरी, हा निसर्गाचा नियम आहे. एफ/६ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एका बिंदूचा साधारण ८ मायक्रॉनचा गोल ठिपका बनतो. डी४० मध्ये तो ठिपका एका पिक्सेलएवढा, म्हणजे ठीकच, आणि त्या कॉम्पॅक्टमध्ये तोच ठिपका आडवे सहासात पिक्सेल व्यापतो. झूम पूर्ण ताणला की या कॅमेऱ्यांचं छिद्र सहाच्या आसपासच असतं बहुतेक वेळा. म्हणजे दोन कोटी पिक्सेल मोजायला आहेत पण त्यांना वेगवेगळं सांगण्यासारखं लेन्सकडे काही नाहीच, शेजारशेजारचे पिक्सेल एकच गोष्ट लिहून ठेवतायत.

फोनवाले १०८ आणि २०० मेगापिक्सेल लिहितात ते वेगळंच प्रकरण, तिथे चार चार किंवा नऊ नऊ किंवा सोळा पिक्सेल एकत्र करून शेवटी १२ मेगापिक्सेलच्या आसपासचाच फोटो हातात येतो नेहमीच्या मोडमध्ये. ते चूक नाही, उलट हुशारीचं काम आहे, पण मग २०० चा अभिमान कशाला? भावाचा फोन पण तसाच निघाला, सेटिंग उघडून दाखवलं तर फोटो बाराचाच.

आता लगेच कोणी म्हणेल की म्हणजे मेगापिक्सेल जास्त असणं वाईटच का. नाही हो. हा दुसरा गैरसमज पण तेवढाच पसरलाय. सेन्सर तेवढाच मोठा आणि एकाच काळातला असेल तर जास्त मेगापिक्सेलवाला शंभर टक्के झूमला जास्त रवाळ दिसतो खरा, पण दोन्ही फोटो एकाच साइझला प्रिंट करा, दाणे जवळपास सारखेच दिसतात आणि बारकावे याच्यात जास्त. मित्राकडून चार दिवस निकॉन डी८५० आणला होता, २०१७ चा मॉडेल, ४५.७ मेगापिक्सेल, फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. काय फोटो येतात राव! नदीकाठच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसलेला, फ्रेममध्ये एवढुसा, घरी येऊन क्रॉप केला तर चोचीतला मासा पण स्पष्ट. इथे मेगापिक्सेलचे पैसे वसूल होतात. हिशोब बघा, फोटोची निम्मी रुंदी आणि निम्मी उंची ठेवली की मेगापिक्सेल पाव उरतात. माझ्या डी४० चे सहाचे दीड होतात आणि दीडमध्ये पक्षी फाटतो, ४५ चे अकरा उरतात आणि अकरात मस्त मोठी प्रिंट निघते. पक्षी, वन्यप्राणी, लांबून खेळाचे फोटो हे ज्याचं मुख्य काम आहे, किंवा जो प्रॉडक्टचे फोटो काढून वाट्टेल तिथून कापून वापरतो, त्याने माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या नादी लागू नये, त्याला चोवीसच्या पुढेच जायला पाहिजे.

पण त्या चार दिवसांत दुसरं पण कळलं. पहिल्या दिवशीचे माझे निम्मे फोटो झूम करून बघितले तर हललेले. कॅमेऱ्याचा दोष नाही, हात माझेच. डी४० वर जो हलका धक्का एका पिक्सेलच्या आत लपून जायचा तो तिथे दोनतीन पिक्सेलवर दिसायला लागला, शटर दुप्पट वेगाने ठेवायला लागलं, स्वस्तातली लेन्स लावली तर कोपरे मऊ. शिवाय एकेक रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाईल, ५० एमबीच्या आसपास, माझी जेमतेम ५ एमबीच्या आसपास. लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की बायको बघायला आली काय झालं म्हणून. म्हणजे ४५ घेणार असाल तर त्याला शोभेल अशी लेन्स, मोठं कार्ड, जास्तीची हार्ड डिस्क आणि दमदार कॉम्प्युटर हे सगळं वऱ्हाड बरोबर येतं, याचा विचार आधी करा.

प्रिंटचं सांगायचं राहिलं. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल असले की डोळ्याला काही कमी वाटत नाही, त्या हिशोबाने डी४० ची प्रिंट १० बाय पावणेसात इंच. ८ बाय १२ काढली तर इंचाला २५०, तरी छानच. आजीचा फोटो ३० इंच रुंद म्हणजे इंचाला फक्त १००, पण तो सोफ्याच्या वर लावलाय आणि माणूस बघतो सहा फुटांवरून, तेवढ्या अंतरावरून डोळा इंचाला ५०-६० च्या पुढे फारसा फरकच करू शकत नाही. नाक लावून बघितलं तर अर्थातच मऊ दिसतो. भावाने नाक लावून बघितलंच. स्क्रीनचं म्हणाल तर फुल एचडी म्हणजे दोन मेगापिक्सेल, फोरके टीव्ही म्हणजे ८.३, म्हणजे फोरके टीव्हीवर माझा फोटो जरा ताणावा लागतो हे प्रामाणिकपणे सांगतो, २४ मेगापिक्सेलवाल्याला ती अडचण नाही.

मग डी४० घ्या असं सांगतोय का? तर फक्त फोटो शिकायचेत आणि जुन्यातला चांगल्या अवस्थेतला मिळाला तर हो. व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघत फोटो काढायची सोय) नाही, फोकसचे पॉइंट फक्त तीन, बॉडीत फोकसची मोटर नाही त्यामुळे स्वतःची मोटर असलेली, म्हणजे निकॉनची एएफ-एस लेन्सच घ्यायची नाहीतर हाताने फोकस करत बसा. माझ्याकडे ३५ एमएम एफ/१.८ ची आहे, कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये आलेल्या १८-५५ एमएम लेन्सपेक्षा तीच जास्त लावलेली असते आणि आजीचा फोटो पण तिचाच. खरं सांगू, सहाचा चोवीस करण्यापेक्षा ती लेन्स लावल्यावर माझ्या फोटोंत जास्त फरक पडला, ५५ च्या टोकाला किटची लेन्स एफ/५.६ ला अडते आणि ही १.८, म्हणजे जवळपास दहापट प्रकाश आत.

भावाला शेवटी सांगितलं की तुझी पोरं, घरातले कार्यक्रम आणि प्रवास एवढंच असेल तर १६ ते २४ मधला कुठलाही घे, त्या आकड्याकडे परत बघू नको, आधी सेन्सर एपीएस-सी, म्हणजे साधारण डी४० एवढ्या मापाचा, आहे का ते बघ, मग हातात धरून बघ नीट बसतो का, फोकस पटकन होतो का, आणि उरलेले पैसे लेन्सवर घाल. दुकानात गेलास तर कार्ड स्वतःचं घेऊन जा, आयएसओ १६०० आणि ३२०० ला चार फोटो काढ आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघ, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळेच फोटो सुंदर दिसतात.

जुना डी४० घेत असाल तर दोन गोष्टी. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी घ्या, ६४ चं एसडीएक्ससी याच्यासाठी नाही. आणि छिद्र एफ/१६ ला ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा. यात सेन्सर आपोआप साफ करायची सोय नाहीये, त्यामुळे इतक्या वर्षांत बसलेली धूळ काळ्या ठिपक्यांसारखी लगेच दिसते. चारदोन ठिपके फुंकणीने जातात, न जाणारे डाग असतील तर सफाईचा खर्च धरून भाव करा.