लाल पेशी: फ्रिजमध्ये की डीप फ्रीझरमध्ये?

दान केलेल्या रक्तातल्या लाल पेशी ठेवायच्या कुठे? २ ते ६ अंश सेल्सिअसच्या फ्रिजमध्ये, नाहीतर उणे ६५ अंशांखालच्या डीप फ्रीझरमध्ये.

फ्रिजमधली पेशी मंदावते, झोपत नाही. ग्लुकोज वापरत राहते, लॅक्टिक आम्ल साठतं. गारठ्यात पोटॅशियम पेशीच्या आत राखणारा सोडियम-पोटॅशियम पंप जवळजवळ बंद पडतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. ऊतींना ऑक्सिजन सोडायला मदत करणारं २,३-डीपीजी दोनेक आठवड्यांत बहुतेक संपतं. रुग्णाच्या शरीरात ते पुन्हा तयार होतं, एवढा दिलासा. जुन्या पिशवीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा: मध्ये दबलेल्या गुळगुळीत चकत्यांऐवजी काटेरी गोळे दिसतात. म्हणूनच पोषक द्रावणातही मुदत साधारण ४२ दिवसांची.

गोठवलेल्या पेशीत हे सगळं ठप्प. १० वर्षंही टिकते. पण नुसती गोठवली तर फुटते, म्हणून आधी ग्लिसरॉल मिसळायचं. खरी कटकट नंतरची: वितळवल्यावर ते टप्प्याटप्प्यानं धुवून काढायचं, त्यात काही पेशी वाया जातात. शिवाय खुल्या पद्धतीनं, म्हणजे पिशवीचं सील उघडून, धुतलेली पिशवी २४ तासांत वापरायची. रक्तस्राव होणारा रुग्ण समोर असताना एवढा वेळ कुणाकडे असतो?

त्यामुळे रोजच्या कामाला फ्रिजच बरा. फ्रीझर दुर्मिळ रक्तगटांसाठी राखावा. मात्र फ्रिजवर नजर हवी. पारा चुकून शून्याखाली घसरून पिशवी गोठली, तर ग्लिसरॉलविना पेशी फुटतात, वरचं द्रावण लालभडक होतं. ती पिशवी टाकूनच द्यायची.