अमेरिका दौऱ्याच्या नावाखाली 1,97,400 रुपयांना गंडा: साथ करणाऱ्या कलाकारांनो, आधी हे वाचा

1,97,400 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो आणि तोंडावर विचारायची मात्र चोरी. शिवाय गणपतीतल्या कराड आणि इचलकरंजीच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या सोडल्या, त्यांचे 26,500 वेगळे. ते यात धरलेले नाहीत.

मी तबला वाजवतो. दक्षिण महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावी राहतो. शिकवण्या आहेत, सीझनला भजन, नाट्यसंगीत, सुगम जे मिळेल ते वाजवतो. विशारद आहे, इंग्रजी वाचता येतं, मोबाईलवर बँकेचे व्यवहार स्वतः करतो. हे एवढ्यासाठी लिहितो की "खेड्यातला भोळा कलाकार फसला" असं म्हणून कोणी पुढे जाऊ नये. भोळ्याला दोन प्रश्न विचारायचं सुचत नाही. मी विचारले होते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं, हीच तर खरी गोम.

साथ करणाऱ्या कलाकारांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून दौरा काढतो म्हणणाऱ्या एका माणसाला माझा नंबर मिळाला. पहिल्याच फोनवर "गुरुजी, तुमचा तबला ऐकलाय" अशी सुरुवात. गणपतीत अमेरिकेतल्या चार मराठी मंडळांत नाट्यगीतांचा कार्यक्रम, दर कार्यक्रमाला 300 डॉलर मानधन, राहणं-जेवण मंडळाच्या सभासदांच्या घरी. यातलं काहीच अशक्य नव्हतं. तिथली मंडळं इथून कलाकार नेतात, सभासदांच्या घरी उतरवतात. माझ्या ओळखीचे दोन पेटीवाले जाऊन आलेले आहेत. आणि हा गृहस्थ धंद्यातलं बोलत होता. "बाई काळी चारला गातात, पण दुसऱ्या भागातला गायक पांढरी दोनचा. तेव्हा तबले दोन घ्या, डग्गा एकच पुरे, विमानात वजन होतं." (काळी, पांढरी म्हणजे पेटीच्या पट्ट्या, गाणाऱ्याचा सूर.) असं बोलणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा, ते मला कोणीतरी समजावून सांगा.

पैसे कसे गेले ते लिहितो. "व्हिसा प्रोसेसिंग" 45,000. "व्हिसा फी" 38,500. तिकिटाचा "आपला हिस्सा" 72,000, तोही मानधनातून परत मिळणार म्हणून. "वाद्यांचं कार्नेट", म्हणजे वाद्यं तात्पुरती परदेशात न्यायचा कस्टमचा कागद, 11,900. आणि शेवटी 30,000 "परतीची अनामत", म्हणजे मी तिकडेच राहून जाणार नाही याची हमी! हे पाच हप्ते तीन वेगवेगळ्या माणसांच्या बचत खात्यांवर गेले. यूपीआयने पाठवताना खातेदाराचं नाव स्क्रीनवर येतं. ते त्याचं नव्हतं. "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे," झालं समाधान.

आपल्या धंद्यात इसार देतो तो बोलावणारा. गावच्या जत्रेतलं भजन असो नाहीतर पुण्यातली मैफल, सुपारी पक्की होते ती इसार हातात पडल्यावर. आयुष्यभर मी इसार घेत आलो आणि हा पहिलाच माणूस निघाला ज्याला मी दिला. परदेश म्हटलं की आपली ही रीत आपण गुंडाळून का ठेवतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

व्हिसाचं जे मला नंतर रात्र-रात्र वाचून कळलं, ते तुम्ही आधी वाचा. मानधन घेऊन अमेरिकेत पारंपरिक कला सादर करायची तर साधारणपणे पी-3 नावाचा व्हिसा लागतो. त्यासाठीचा आय-129 अर्ज अमेरिकेतलं मंडळ किंवा तिथला एजंट तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे भरतो, कलाकाराला तो स्वतः भरता येत नाही. मंजूर झाला की आय-797 नावाचा कागद मिळतो. त्यावर पावती क्रमांक असतो, आधी तीन अक्षरं आणि मग दहा आकडे. तो खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की अर्ज कुठे आहे ते फुकटात दिसतं. मला पीडीएफ आला होता, गरुडाचं चित्र, शिक्का, सगळं होतं. क्रमांक मी टाकून पाहिला तो सगळं उरकल्यावर. मोजले तर आकडे नऊच.

आणि व्हिसा फी! पी-3 ची फी तेव्हा 205 डॉलर. तेव्हाचा डॉलर 85 रुपये धरला तरी साडेसतरा हजारांच्या आत. ती आपण व्हिसाच्या संकेतस्थळावरच्या आपल्याच नावाच्या खात्यातून भरायची असते आणि पावतीही तिथेच दिसते. माझ्याकडून 38,500 घेतले आणि पावती म्हणून वहीच्या कागदावरचा रबरी शिक्का.

एका गोष्टीची तर चीड अजून जात नाही. माझा डीएस-160, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचा फॉर्म, त्याने भरला आणि त्यात चक्क टुरिस्टचा व्हिसा मागितला होता. मी विचारलं, पी-3 मंजूर झालाय ना, मग हे काय? तर म्हणे, "गुरुजी, सगळे मोठे कलाकार असेच जातात. मुलाखतीत फिरायला चाललोय म्हणायचं." आता हे खरं की खोटं, देव जाणे. पण व्हिसासाठी जाणूनबुजून खोटं बोललेलं पकडलं गेलं तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. पैसे गेले ते गेले, मुलाखतीपर्यंत पोचलो असतो तर तेही गेलं असतं. दुसऱ्याने भरलेला फॉर्म न वाचता सही करू नका. कोणाच्याही सांगण्यावरून नाही.

तिकिटाचा कागद अजून माझ्याकडे आहे. वर विमान कंपनीचं नाव, मुंबई ते न्यूयॉर्क, माझं नाव पासपोर्टवर आहे तसं, स्पेलिंगसकट. पीएनआर होता. मी तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला आणि बुकिंग खरोखर दिसलं! त्या क्षणी माझा उरलासुरला संशय गेला. माझी मुलगी बारावीला आहे, ती शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, तिकीट नंबरच्या पुढे नुसती रेघ का आहे?" खरंच, त्या रकान्यात आडवी रेघ होती. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ, अमुक वेळेपर्यंत तिकीट न काढल्यास आरक्षण आपोआप रद्द होईल. मी तिला म्हणालो, तुला यातलं काय कळतं, अभ्यास कर.

ती रेघ. 72,000 तोवर गेलेच होते, पण कार्नेटचे आणि अनामतीचे मिळून 41,900 त्या रेघेनंतर गेले. नुसता पीएनआर म्हणजे जागा अडवून ठेवणं, तेही काही काळापुरतं, एक पैसा न भरता. तिकीट निघालं की तेरा आकडी क्रमांक मिळतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176. तो क्रमांक नाही तर तिकीट नाही. मी त्याला फोन करून विचारलंही होतं. म्हणाला, "ग्रुप बुकिंगला असंच असतं, सगळी तिकिटं एकदम इश्यू होतात." ग्रुप बुकिंगला खरोखर तसं होतं, हे मी नंतर एका ट्रॅव्हलवाल्याला विचारून खात्री केली. मग माझं काय चुकलं सांगा! मुलगी आजवर त्यावर एक शब्द बोललेली नाही, ते जास्त लागतं.

कार्नेटचंही सांगून टाकतो. एटीए कार्नेट ही खरी गोष्ट आहे, भारतात ते फिक्की देते, पण त्याला हमी-रक्कम वगैरे भानगडी असतात. ते मोठ्या सामानासाठी ठीक. एक तबल्याची जोडी स्वतःच्या सामानात नेणाऱ्याने जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला घेतला की परतताना आपल्याच वाद्यावर ड्युटी मागायचा प्रश्न येत नाही. आणि मी मात्र या दौऱ्यासाठी दोन्ही तबल्यांना नव्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, चढवून घेतल्या.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख "ग्रुपची एकत्र मिळणार". मग मंडळाने कार्यक्रम पुढे ढकलला. मग त्याच्या घरी कोणी तरी आजारी. मग फोन बंद. शेवटी मी त्या चारपैकी एका मंडळाच्या संकेतस्थळावरून कार्यवाहांना ई-मेल केला. दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आलं, असा कुठलाही कार्यक्रम ठरलेला नाही आणि अशी विचारणा करणारे तुम्ही पहिले नाही. एक ई-मेल, फुकटचा. मंडळांच्या कार्यकारिणीची नावं आणि पत्ते जाहीर असतात. दौऱ्याला हो म्हणायच्या आधी तिथे थेट विचारा, मधल्या माणसाला राग आला तर येऊ दे.

तोवर इकडे माझा सत्कार उरकला होता. शाल, श्रीफळ, स्थानिक दैनिकात फोटो, "अमेरिका दौऱ्यासाठी निवड". विद्यार्थ्यांच्या पालकांनी वर्गणी काढून सुटकेस दिली. आता बाजारात गेलो की लोक विचारतात, "कधी आलात?" सांगा काय बोलायचं.

आता पोलीस. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात पहिलं वाक्य काय ऐकलं असेल? "तुम्ही स्वतःच्या हाताने दिले ना?" अहो, हाताने नाही देणार तर काय पायाने देणार? दुसरं, "हा व्यवहार आहे, दिवाणीचं प्रकरण, वकील गाठा." तिसरं, खाती परराज्यातली म्हणून हद्द आमची नाही. चौथा एक जण कागद बघता बघता म्हणाला, "तबला वाजवून कोणी अमेरिकेला नेतं का?" बाकी सगळं विसरेन, हे विसरणार नाही. सायबरकडे गेलो तर म्हणे, तुमची त्याच्याशी ओळख होती, फोनवर बोलणं होतं, म्हणजे हे सायबर नाही, ठाण्यात जा. ठाणं म्हणतं, यूपीआय म्हणजे ऑनलाइन, सायबरला जा. आर्थिक गुन्ह्यांच्या टेबलावर रक्कम ऐकूनच मान हलवली गेली, म्हणजे लुटायचंच तर कोटीत लुटवून घ्यावं. बँकेत मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे बँकेची जबाबदारी येत नाही. परदेशी नोकरीच्या फसवणुकीचं बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयाला लिहिलं, तर मी "कामगार" या व्याख्येत बसत नाही असं उत्तर. कलाकार कुठल्याच व्याख्येत बसत नाही. सत्कारात तेवढा बसतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पण लगेच करा, पैसे गेल्याच्या तासाभरात. तेव्हा ते पुढच्या खात्यात अडवता येतात. मी केला तेव्हा पैसे जाऊन कित्येक आठवडे झाले होते, ते बिचारे तरी काय करणार. cybercrime पोर्टलवर तक्रार मात्र तरीही नोंदवा, तिचा पोचक्रमांक पुढे सगळीकडे मागतात.

हद्दीचं कारण सांगितलं तर घाबरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची. नाहीच घेतली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं. मी स्पीड पोस्टने पाठवलं, पोच जपून ठेवली, तेव्हा कुठे चक्रं हलली आणि न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. जे अमलदार मला हसले होते त्यांनीच जबाब लिहून घेतला, तोही निम्मा चुकीचा. दोन ओळी मी खोडून दुरुस्त करायला लावल्या. तुम्हीही वाचून मगच सही करा.

आणखी एक सुटलंच होतं. त्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक होता, सुरुवात 07 ने. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो, 07 म्हणजे दिल्ली. आणि हा म्हणे पुण्यातला. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर एका कापडवाल्याचं नाव निघालं.

देशातल्या देशात पहिल्यांदा दौऱ्यावर निघणाऱ्यांनीही परतीचं तिकीट हातात आल्याशिवाय वाद्याची गवसणी बांधू नये. मानधन, मुक्काम, कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे सगळं कागदावर, निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. फोनवरचं बोलणं ठाण्यात कोणी ऐकत नाही. कोल्हापूरकडच्या ज्या गायिका या कार्यक्रमात गाणार होत्या, त्यांचे माझ्यापेक्षा जास्त गेले आहेत. त्या तक्रार द्यायला तयार नाहीत, नाव खराब होईल म्हणून. मी दोनदा विनंती केली. आता नाही करत, पण त्यांच्या या गप्प बसण्यावरच तो पुढचा दौरा काढणार आहे.

सध्याची स्थिती अशी की तीनपैकी एक खातं गोठवलं आहे, त्यात 6,212 रुपये सापडले. ते मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागेल, असं मला सांगितलं. वकिलांनी फी सांगितली 15,000. 

ज्यांनी याच गणपतीच्या दौऱ्यासाठी पैसे भरलेत त्यांनी आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. व्यवहारांचे स्क्रीनशॉट नकोत, बँकेतून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या आणि आधीच एक गुन्हा दाखल आहे हे जबाबात लिहायला लावा. दुसरा तक्रारदार आल्याशिवाय माझी फाइल कोणी उघडणार नाही, असं मला तपास अधिकाऱ्यांनीच सांगितलं आहे.