‘घरी सांगितलंय का?’

नोकरी गेलेल्या आणि आजार लपवणाऱ्या कर्त्या माणसाला लुटणारे हा प्रश्न हमखास विचारतात. फोनवरचा माणूस स्वतःला ‘आरोग्य सल्लागार’ म्हणवतो, आवाज मऊ ठेवतो, पैशांचा विषय बराच वेळ काढत नाही. साखर किती, कधीपासून, घरात कोण कोण, सध्या काम काय, असं विचारत विचारत तो इथे पोचतो. उत्तर ‘नाही’ आलं की त्याचं काम झालं. ज्याने आजार घरी सांगितला नाही, तो फसल्याचंही सांगणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

हे अनेक आजारांत चालतं. मधुमेहाचं उदाहरण घेतो, कारण तिथे जिवाला धोका लवकर होतो. पगार थांबला की पहिली कात्री स्वतःच्या औषधाला लागते. दोन गोळ्यांची एक होते, मग एक दिवसाआड. तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. पाय जळजळतात, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, कधी शरीरसंबंध जमेनासे होतात. हे शेवटचं तर तो डॉक्टरांनाही सांगत नाही. अशा वेळी ‘घरपोच, गुप्त, सात दिवसांत फरक’ ही जाहिरात त्याला बरोबर सापडते.

आधी छोटी पुडी येते, किंमत थोडी. आणि फरक खरंच पडतो! ग्लुकोमीटरवर आकडा उतरलेला दिसतो आणि माणूस विश्वास टाकतो. आकडा उतरतो तो जडीबुटीने उतरतो असं समजू नका. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या अशा चूर्णांत आणि गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखं साखर उतरवणारं औषध लेबलवर न लिहिता मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. धोकादायक ठरल्यामुळे 1970 च्या दशकात अनेक देशांनी बंद केलेलं फेनफॉर्मिनही सापडलं आहे. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या पुड्यांत असंच स्टेरॉइड अनेकदा सापडलं आहे.

ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम चोवीस तास, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही जास्त टिकतो. पुडीत ते किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात बेकार माणूस ‘भूक नाही’ म्हणत एक वेळचं जेवण टाळतो. पहाटे घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं, काळजीने झालंय. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावं. शुद्धीवर आला तरी न्यावंच, कारण या औषधाने साखर काही तासांनी पुन्हा कोसळू शकते.

2008 साली सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले दीडशे जण, जवळजवळ सगळे पुरुष, साखर कोसळून रुग्णालयांत दाखल झाले. मर्दानगीच्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड निघालं. चौघांचा मृत्यू झाला. अशा गोळ्या घेतल्याचं कबूल केलं ते फक्त 45 जणांनी. बाकीच्यांच्या बाबतीत डॉक्टरांना रक्त-लघवीच्या तपासण्यांवर विसंबावं लागलं.

पुढची पायरी म्हणजे ‘जुन्या गोळ्या बंद करा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.’ इथे थांबायलाच हवं. इन्शुलिनवर असलेल्याने ते सोडलं तर काही जणांना एक-दोन दिवसांतच उलट्या, पोटदुखी आणि खोल जोराचा श्वास सुरू होतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. मग ‘आजार मुरलाय’ म्हणून तीन महिन्यांचा कोर्स, सगळी रक्कम आगाऊ. मग अडकलेल्या पार्सलचं शुल्क. पैसे संपले की धमकी: तुमचे रिपोर्ट आणि चॅट घरी पाठवतो.

‘सात दिवसांत मधुमेह मुळापासून’ या दाव्याची परीक्षा सोपी आहे. एचबीएवनसी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. सात दिवसांत ती खरी सुधारणा दाखवूच शकत नाही.

नोकरीच्या नावाखालीही हेच होतं. मुलाखत फक्त चॅटवर, लगेच नेमणूकपत्र, मग ‘मेडिकलचे पैसे भरा’ आणि आजारांची यादी विचारणारा फॉर्म. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत असेल तर तिथेच संपवा.

धमकी आली असेल तर एक पैसाही देऊ नका; एकदा दिले की रक्कम वाढते. चॅट पुसू नका. नंबर, तारीख, खात्याचा तपशील दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. बँकेला त्याच तासात कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. काही दिवसांनी ‘गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येईल. तीही फसवणूकच, फसलेल्यांचे नंबर विकले जातात. आणि ज्याची धमकी आहे ते घरात एका माणसाला आपणच सांगून टाका, आजच.

डॉक्टरांना ‘मला परवडत नाही’ असं स्पष्ट सांगा. मधुमेहाची कित्येक जुनी औषधं स्वस्त आहेत, ती बदलून देता येतात. मनाने गोळ्या अर्ध्या करू नका. शरीरात हळूहळू सुटणारी गोळी तर मोडायचीच नसते. उरलेली पुडी आणि रिकामं पाकीट सोबत न्या, फेकू नका. काही आठवडे पुडी घेतली असेल आणि त्यात स्टेरॉइडची शंका असेल, म्हणजे चेहरा सुजलाय, भूक वाढलीय, झोप उडालीय, तर ती एकदम बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, ते मात्रा हळूहळू उतरवतील.

घरच्यांनी शोधायचंच असेल तर बॅग उपसू नका. औषधाची पट्टी महिनाभर पुरायची ती दोन महिने पुरतेय का, एवढं बघा, आणि तो एकटा असताना शांतपणे विचारा, ‘गोळ्या कमी घेतोयस का रे?’