पिंक फ्लॉइड: एक आठवडा की पंधरा?

'द डार्क साइड ऑफ द मून' आणि 'द वॉल', पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या या दोन अल्बममध्ये चार्टवर, म्हणजे विक्रीच्या क्रमवारीत, सरस कोण? नुसता पहिला क्रमांक पाहिला तर 'द वॉल' सहज जिंकतो. १९७९च्या नोव्हेंबरअखेर आलेला हा दोन तबकड्यांचा अल्बम १९८०मध्ये अमेरिकेत तब्बल १५ आठवडे अव्वल होता. 'डार्क साइड'ला १९७३मध्ये तिथे तो मान मिळाला जेमतेम एक आठवडा.

पण खरी गंमत पुढे आहे. 'डार्क साइड'ने अमेरिकेच्या पहिल्या दोनशे अल्बमच्या यादीत असं काही ठाण मांडलं की १९८८पर्यंत त्याचे तिथले एकूण आठवडे भरले ७४१. म्हणजे चौदा वर्षांहून जास्त! पहिल्या खरेदीदारांची मुलं शाळेत जायला लागली तरी तो यादीत होताच.

'द वॉल'ला मोठा हात दिला 'अनदर ब्रिक इन द वॉल, पार्ट २' या गाण्याने. लंडनच्या शाळकरी पोरांचा तो कोरस ऐकला की आजही अंगावर काटा येतो. ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिलं आलं. 'डार्क साइड'मधलं 'मनी' अमेरिकेत तेराव्या क्रमांकापर्यंतच गेलं. तो अल्बम सलग ऐकायचा आहे. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांतच विरतो.

मायदेशी मात्र दोघांचीही पहिल्या क्रमांकाची संधी हुकली: 'डार्क साइड' दुसरा, 'द वॉल' तिसरा.

माझं मत ७४१ आठवड्यांना.